गॅरेजची कपाटं, विकतची की हातची: सहा आठवड्यांच्या नोंदी

४ जानेवारी, रविवार

आज गॅरेज पूर्ण रिकामं केलं. मी आणि धाकटा भाऊ, सकाळपासून दुपारपर्यंत. कपाटं हवीत हे तर दोन वर्षं बोलतेय, पण आत नक्की काय ठेवायचं आहे हे कधी मांडून बघितलंच नव्हतं.

शेवटी कोपऱ्यातलं पुठ्ठ्याचं खोकं उचललं आणि त्याचा तळ जमिनीलाच चिकटून राहिला. आत बाबांची हत्यारं होती. पटाश्या वरच्या बाजूला होत्या म्हणून वाचल्या, पण लोखंडी रंधा तळाशी होता. त्याची खालची सपाट बाजू तांबूस पडली आहे, बोट फिरवलं तर खरखरीत लागते. बाबांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, नुसता पालथा-उताणा करून बघत बसले. ते बघवलं नाही.

सगळं सामान अंगणात चादरीवर मांडलं आणि प्रत्येक वस्तूची खोली मोजली. रुंदी आणि उंची कशीही जुळवून घेता येते, पण खोलीवर सगळं अडतं. चार-पाच वस्तू सोडल्या तर सगळं ३० सेंटिमीटरच्या आत बसतं. ड्रिल, हत्यारांच्या पेट्या, रंगाचे डबे, सायकलीचा पंप, दोऱ्या, सगळंच. ज्या वस्तू बसत नाहीत (जॅक, शिडी, जादा टायर) त्यांना कपाट लागतच नाही. ६० सेंटिमीटर खोल कपाट घेतलं असतं तर मागच्या ३० सेंटिमीटरमध्ये पुन्हा असंच खोकं कुजत पडलं असतं.

संध्याकाळी गाडी आत लावून मोजलं. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये १०८ सेंटिमीटर. दार उघडून माणूस नीट बाहेर यायला ६५ लागतात. म्हणजे भिंतीवर जे काही येईल ते ४० सेंटिमीटरच्या आत.

६ जानेवारी, मंगळवार

ओल कुठून येते ते बघायचं होतं. रविवारी रात्रीच जाड प्लास्टिकचे हातभर रुंदीचे दोन तुकडे चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद करून लावले होते, एक जमिनीवर भिंतीलगत आणि एक भिंतीवर कमरेच्या उंचीला. आज रात्री सोडवले. भिंतीवरचा दोन्ही बाजूंनी कोरडा. जमिनीवरच्या तुकड्याच्या वरच्या बाजूला काही नाही, पण खालच्या बाजूला बारीक थेंबांची जाळी आणि खालचं काँक्रीट काळपट झालेलं. थेंब वरच्या बाजूला असते तर हवेतला दमटपणा म्हटलं असतं. खाली आहेत, म्हणजे ओल जमिनीतूनच वर येते आहे.

हे कळलं ते फार बरं झालं. जमिनीला टेकणारं लाकडी काहीही आता करायचं नाही.

१० जानेवारी, शनिवार

तयार कपाटं बघून आले. तीन तऱ्हा आहेत.

पार्टिकल बोर्डावर लॅमिनेट लावलेली कपाटं दिसायला सगळ्यांत नेटकी. पण ती म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेल्या पाट्या. लॅमिनेट असतं तोवर ठीक, पण स्क्रूच्या भोकातून किंवा खालच्या कडेतून पाणी शिरलं की कड फुगते. फुगलेली कड वाळली तरी बसत नाही, आणि त्या जागी स्क्रूही धरत नाही. आमच्या जमिनीवर अशा कपाटाच्या खालच्या कडेचं काय होईल ते मंगळवारी प्लास्टिकखाली दिसलंच आहे. घराच्या आत, कोरड्या खोलीत, मी ते आनंदाने घेतलं असतं.

प्लास्टिकची कपाटं ओलीला घाबरत नाहीत. मात्र फळीवर हाताने जोर दिला तर मधोमध खाली जाते. बागेच्या सामानाला चालतील, हत्यारांना नाहीत.

पत्र्याच्या कपाटांपाशी मी बराच वेळ थांबले. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवूनच बघावं लागतं. पण पत्र्याच्या जाडीपेक्षा फळीची पुढची कड कशी दुमडली आहे त्यावर जास्त अवलंबून असतं. एकदाच खाली वळवलेली कड अंगठ्याने दाबली तर लवते, तीच वळवून पुन्हा आत दुमडली की फळीला कणा येतो. फळीवर लिहिलेला भार हा सगळीकडे सारखा पसरलेला भार असतो, हेही तिथल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत होतं. तेवढंच वजन मधोमध एका ठिकाणी ठेवलं तर फळी जास्त वाकते.

एक ४० सेंटिमीटर खोल, ९० रुंद, १८० उंच, कुलूप असलेलं कपाट मनात भरलं. आज निर्णय नाही.

११ जानेवारी, रविवार

आज भिंत मोजली, आणि घोळ इथेच निघाला.

मागची भिंत आणि बाहेर आलेला खांब यांच्यामध्ये २३६ सेंटिमीटर जागा आहे. ९० ची दोन तयार कपाटं बसतील, ५६ सेंटिमीटर उरतील. त्या ५६ मध्ये बसेल असं त्याच जातीचं कपाट मिळत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. बाबा म्हणाले, "अगं, पाणसळ ठेवून काय बघतेस? ती एका हाताएवढ्या जागेचं सांगते. नळी आण." बागेच्या पारदर्शक नळीत पाणी भरलं, आतले बुडबुडे टिचक्या मारून काढले. एक टोक भाऊ धरून मागच्या भिंतीपाशी, दुसरं मी खांबापाशी. पाणी आधी वरखाली हललं, मग दोन्हीकडे थांबलं. तिथे पेन्सिलीने खुणा केल्या आणि खुणेपासून जमिनीपर्यंत मोजलं. २३६ सेंटिमीटरमध्ये जमीन दाराकडे ३ सेंटिमीटर उतरते. पाणी बाहेर जावं म्हणून गॅरेजच्या जमिनीला उतार देतातच, त्यामुळे यात कुणाची चूक नाही. पण जमिनीवर ओळीने कपाटं उभी केली तर खांबाकडच्या कपाटाचे पाय पार वर उचलावे लागतील, आणि मी पाहिलेल्या कपाटाचे पाय एवढे वर येत नाहीत.

भिंतीवर टांगलेल्या कपाटाला जमिनीचा उतार कळत नाही, आणि जमिनीची ओलही त्याला लागत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

ठरलं. विकत की हातचं, हा प्रश्न आख्ख्या गॅरेजसाठी एकच आहे असं धरून मी आठवडाभर अडले होते. आत काय ठेवायचं ते वेगळं केलं आणि उत्तरं आपोआप वेगळी झाली.

रंग, थिनर, ग्रीस, कीटकनाशक यांना पत्र्याचं, कुलपाचं कपाट हवं. घरात लहान मुलं येतात, आणि थिनरशेजारी मला लाकूड नको आहे. असं कपाट मी घरी बनवू शकत नाही, त्यामुळे ते विकत. मागच्या भिंतीला लागून, जिथे जमीन सगळ्यांत उंच आहे तिथे. गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल मात्र याही कपाटात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीलाही पोचते. त्याचा डबा बाहेरच्या सुट्या शेडमध्ये राहील.

उरलेल्या १४६ सेंटिमीटरमध्ये हत्यारांसाठी प्लायच्या दोन पेट्या, प्रत्येकी ७२ रुंद आणि ८० उंच, भिंतीवर टांगलेल्या. २ सेंटिमीटर खांबाकडे मोकळे सोडते, कारण खांब ओळंब्यात नाही. ती फट शेवटी पट्टीने बुजवू.

भाऊ म्हणाला, "ताई, दोन शनिवार-रविवारचं काम आहे." मी चार धरले.

१७ जानेवारी, शनिवार

१८ मिलिमीटरच्या प्लायच्या दोन पाट्या आणल्या, २४४ बाय १२२ च्या. उकळत्या पाण्यातही ज्याचे थर सुटत नाहीत तो प्रकार घेतला. एक पाटी तीस-पस्तीस किलो भरते, एकट्याने उचलायच्या भरीस कुणी पडू नये.

कापायचा नकाशा कागदावर काढला होता. पहिल्या पाटीच्या लांबीत ३५ सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या, त्यांतून पेट्यांच्या बाजू, माथा, तळ. मी ३५, ७० आणि १०५ वर रेघा मारल्या आणि कापत गेले. पहिली पट्टी ३५ भरली, पुढच्या दोन्ही ३४.७. करवतीचं पातं ३ मिलिमीटर लाकूड खातं, ते मी धरलंच नव्हतं. एक पट्टी कापून झाल्यावर नव्या कडेपासून पुढची रेघ मारायची, हे मला माहीत होतं, तरी घाईत सगळ्या रेघा एकदम मारल्या. शेवटी पहिली पट्टीही ३४.७ ला आणली. सगळ्या सारख्या झाल्या हे महत्त्वाचं, ३ मिलिमीटर गेले त्याचं काही नाही.

गोल पात्याच्या हातातल्या करवतीने कापताना चांगली बाजू खाली ठेवायची, कारण पात्याचे दात खालून वर येतात आणि वरच्या बाजूच्या कपच्या उडवतात. रेघेवर चिकटपट्टी लावून मग कापलं तर आणखी साफ. दिवसभर मास्क लावला होता. लाकडाचा भुसा साधा वाटतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये त्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे.

१८ जानेवारी, रविवार

पहिली पेटी उभी राहिली.

चार बाजू सरस लावून, आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडून, ५० मिलिमीटरच्या स्क्रूंनी जोडल्या. प्लायच्या कडेत भोक न पाडता स्क्रू घुसवला की थर फाकतात. एका तुकड्यावर मुद्दाम करून बघितलं, फाकले.

कोपऱ्याला काटकोन्या लावला तर चारही कोपरे बरोबर दिसत होते. बाबा खुर्चीवरून म्हणाले, "कर्ण मोज." एक कर्ण १०८, दुसरा १०७.२. काटकोन्याला न दिसलेला तिरकेपणा टेपने दाखवला. लांब कर्णाच्या दोन टोकांना लांब क्लॅम्प लावला आणि एकेक आटा आवळत गेले. भाऊ दुसऱ्या कर्णावर टेप धरून आकडा वाचत होता, "सात तीन... सात चार... सात पाच... थांब, पुढे नको." मी हात काढला. दोन्ही १०७.६. त्याच स्थितीत ६ मिलिमीटरची पाठ सरस लावून ठोकली. पाठ बसली की पेटी पुन्हा तिरकी होत नाही. पाठीची पाटी पातळ असते म्हणून तिला कमी लेखू नये, पेटीचा चौरस तीच सांभाळते.

दुसरी पेटी दुपारी, निम्म्या वेळात.

२४ जानेवारी, शनिवार

फळ्या. हा भाग मला सगळ्यांत जास्त समजून घ्यायचा होता, कारण घरातल्या जुन्या पुस्तकांच्या कपाटाच्या फळ्या वर्षानुवर्षं पोट सोडून बसल्या आहेत.

तेच वजन ठेवून फळीची लांबी निम्मी केली तर तिचा झोल आठपट कमी होतो. जाडी दुप्पट केली तरी आठपट कमी होतो. त्यामुळे लांब फळी जाड करण्याऐवजी खण आखूड ठेवणं स्वस्त पडतं. ७२ च्या दोन पेट्या केल्या, १४४ ची एक केली नाही, त्यामागे हेच कारण. प्लाय कापताना वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीतून जातील असं बघायचं. आडवे गेले तर तीच फळी दुपटीहून जास्त वाकू शकते.

फळी दोन टोकांवर ठेवून तिच्यावर सगळी जड हत्यारं पसरली, वजनकाट्यावर २२ किलो भरली होती. टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणला. मधोमध दोरा आणि फळी यांच्यामध्ये जाड कागद कसाबसा शिरला, १ मिलिमीटरही नाही. एक दिवस तसंच राहू दिलं, कारण लाकूड एका बैठकीत वाकून थांबत नाही, भार राहिला की हळूहळू आणखी वाकत जातं.

२५ जानेवारी, रविवार

आज दोरा पुन्हा ताणून पाहिला. फरक नाही.

पाण्यात मिसळणारा पारदर्शक थर दिला, दोन हात. जवसाचं तेल द्यायचा मोह होता, लाकडाला त्याने येणारा रंग मला फार आवडतो. पण जवसाच्या तेलाने माखलेली चिंधी गोळा करून टाकली तर तेल वाळता वाळता स्वतःच तापतं आणि चिंधी काडी न लावता पेटू शकते. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवावी लागते. माझं गॅरेज अजून पसाऱ्यात आहे, एखादी चिंधी ढिगाखाली राहून गेली तर? नको. दारांना दोन्ही बाजूंनी सारखाच थर दिला. एकाच बाजूने दिला तर दोन बाजू ओलावा कमीजास्त घेतात आणि दार वाकतं.

२९ जानेवारी, गुरुवार

पत्र्याचं कपाट आलं. एकटीने जोडलं, अडीच तास. एका फळीचा कोपरा दबलेला होता, विकणाऱ्याने बदलून द्यायचं कबूल केलं आहे. पाय फिरवून समपातळीत आणलं आणि वरून भिंतीला बोल्टने बांधलं. भरलेलं उंच कपाट दारं उघडताना पुढे झुकू शकतं, आणि दाराला मूल लोंबकळलं तर नक्कीच. हे काम उद्यावर टाकायचं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

पेट्या भिंतीवर चढल्या.

पद्धत दोन तिरक्या पट्ट्यांची, तिला फ्रेंच क्लीट म्हणतात. प्लायची पट्टी लांबीतून ४५ अंशात चिरायची. एक भाग भिंतीवर, तिरकी कड वर आणि टोक बाहेरच्या बाजूला. दुसरा पेटीच्या पाठीवर, उलटा. पेटी उचलून वरून सोडली की एक कड दुसऱ्या कडेत बसते आणि वजनानेच भिंतीकडे ओढली जाते. पाठीवरचा भाग नुसत्या ६ मिलिमीटरच्या पाटीत अडकवलेला नाही. पेटीच्या आत वरच्या बाजूला १० सेंटिमीटरची जाड पट्टी आधीच बसवली होती, स्क्रू तिच्यात गेले आहेत. खालच्या बाजूला तेवढ्याच जाडीची टेकण पट्टी. पेटी ३४.७, पाठ ०.६, क्लीट १.८, दार १.८, मिळून ३८.९. चाळीसच्या आत.

भिंतीतल्या भोकांनी मात्र दमवलं. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर विटेत आहोत, करडी आली आणि पातं भसकन आत गेलं तर सांध्यात. सांध्यातला बोल्ट मी धरत नाही. सहापैकी दोन भोकं सांध्यात गेली, ती बुजवून चार बोटं सरकून नवी पाडली. एकेक पेटी दारांसकट अठ्ठावीस किलोच्या आसपास, आत सामान येणार ते वेगळं. सहाही बोल्ट विटेत बसल्याशिवाय पेटी चढवायची नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून अंधार पडला.

चढवल्यावर भावाने क्लीटच्या जागी दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. हललं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

दारं. वाटीच्या बिजागऱ्या, म्हणजे ज्यांची गोल वाटी दाराच्या आतल्या बाजूला भोकात बसते. वाटीचं भोक ३५ मिलिमीटरचं. दार १८ मिलिमीटर जाड आणि वाटी जेमतेम १३ मिलिमीटर खोल, म्हणजे चुकायला फारशी जागा नाही. तिसऱ्या दारात ड्रिल जास्त खाली गेलं आणि पात्याचं मधलं टोक दर्शनी बाजूने टोचून बाहेर आलं. पात्यावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळायची, हे बाबांनी सकाळीच सांगितलं होतं. पहिल्या दोन दारांना गुंडाळली, ती भुश्याने सुटून पडली आणि माझं लक्ष गेलं नाही. भोक पुटीने भरलं आहे. जवळून दिसतं.

प्रत्येक पेटीला ३६ च्या आतली दोन दारं केली, ७२ चं एक केलं नाही. गाडी आत असताना पेटीसमोर ६९ सेंटिमीटर उरतात, एवढ्यात ७२ चं दार उघडलंच नसतं.

८ फेब्रुवारी, रविवार

हिशेब लिहून ठेवते. विकतचं कपाट: आणणं, जोडणं, बांधणं मिळून चार तास. हातच्या दोन पेट्या: एक्केचाळीस तास, त्यात चुका निस्तरणं धरलं आहे. साहित्याचा खर्च दोन पेट्यांचा मिळून त्या एका कपाटापेक्षा थोडाच कमी आला. प्लायवर वाचलेलं बिजागऱ्या, बोल्ट, क्लॅम्प यांनी खाल्लं. पैसे वाचवायला म्हणून कुणी विचारलं तर मी हातचं करा असं सांगणार नाही. आमच्या भिंतीला, उरलेल्या १४६ ला नीट बसणारं तयार मिळत नव्हतं, म्हणून केलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सामान लावलं. जड ते खालच्या फळीवर, पटाश्या दाराच्या आतल्या बाजूला लाकडी पट्टीत. पेट्यांखालची जमीन मोकळी आहे, जॅक आणि टायर तिथे फळकुटावर, केरसुणी सरळ भिंतीपर्यंत जाते.

आठवडाभर बाबा रोज थोडा वेळ रंध्यापाशी बसत होते. सपाट काचेवर सँडपेपर चिकटवून त्याचा तळ घासला, आधी जाड, मग बारीक. खड्डे पडलेले आहेत ते गेले नाहीत, पण त्यांच्या आजूबाजूचा तळ सपाट झाला आहे, आणि बाबा म्हणतात रंध्याला तेवढं पुरतं. पात्याला धार लावून दिली.

खांबाकडची दोन सेंटिमीटरची फट आजपर्यंत ठेवली होती. खांब वर बाहेर आणि खाली आत, त्यामुळे पट्टी वर अरुंद, खाली रुंद हवी. पेन्सिल खांबाला टेकवून वरपासून खालपर्यंत पट्टीवर रेघ ओढली आणि रंधा बाबांच्या हातात दिला. पहिल्या ओढीला नुसता भुसा आला. त्यांनी पातं केसभर मागे घेतलं. दुसऱ्या ओढीला पट्टीच्या लांबीएवढी एक सलग साल रंध्याच्या तोंडातून वर आली, गुंडाळत गुंडाळत त्यांच्या मनगटावर पडली.

"उजेड दिसतो का बघ," ते म्हणाले.

मी पट्टी फटीत धरून मागे टॉर्च लावला. वरून तिसऱ्या भागात एका जागी उजेडाची बारीक रेघ दिसली. तिथे पेन्सिलीने खूण केली आणि पट्टी त्यांच्याकडे परत दिली.